एकसारखे रकाने अनेक अर्जांत: फ्रॅपेमध्ये पुनर्वापराचे फॉर्म-घटक कसे बांधावेत?

रकाना_पाच

नमस्कार.

आमच्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तयार होतात आणि खरेदी, साठा व हिशेब ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. मूळ प्रणालीत जे नव्हते ते आम्ही, ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभे आहे त्या फ्रॅपे फ्रेमवर्कच्या डॉकटाइप-रचनेतून (डॉकटाइप म्हणजे एका प्रकारच्या कागदाचा, त्याच्या रकान्यांसह, साचा), फारसा कोड न लिहिता, गरजेप्रमाणे बनवत गेलो. खरेदी विभागाने मागितला म्हणून पुरवठादार नोंदणीचा अर्ज झाला, त्यावरून जॉबवर्क करणाऱ्यांचा झाला, पुढे वाहतूकदार, वितरक आणि कंत्राटी कामगार पुरवणारे ठेकेदार यांचेही झाले. प्रत्येक वेळी आधीच्या डॉकटाइपची प्रत काढून तीत फेरफार करणे सोयीचे पडले, त्यामुळे पत्ता, पिनकोड, पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खाते, आयएफएससी आणि संपर्क व्यक्ती हे रकाने आज सगळ्या अर्जांत आहेत. मात्र कोठे रकान्याचे अंतर्गत नाव निराळे आहे, तर कोठे पडताळणीच राहून गेली आहे.

ही विस्कळीत रचना खऱ्या अर्थाने नडली ती १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) मुळे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके एमएसएमई विकास कायदा, २००६ मधील मुदतीत, म्हणजे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकती झाली नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीस मिळतो, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आल्यावर लेखा विभागाने प्रत्येक अर्जात उद्यम नोंदणी क्रमांक (सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना मिळणारा) आणि उद्योगाचा वर्ग मागितला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सहकाऱ्यांनी ते रकाने घातले. परिणामी एका अर्जात वर्गाचा पर्याय ‘सूक्ष्म’ असा आला, दुसऱ्यात ‘मायक्रो’ आणि तिसऱ्यात ‘मायक्रो एंटरप्राइज’. आणि थकीत देयकांचा अहवाल यांपैकी एकालाच ओळखतो. पुढे १ एप्रिल २०२५ पासून वर्गांच्या मर्यादा बदलल्या (सूक्ष्मसाठी गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी, लघुसाठी २५ कोटी व १०० कोटी) तेव्हा मदतीचा मजकूर बदलण्यासाठी पुन्हा सगळे अर्ज उघडावे लागले.

आता हे रकाने एकदाच बांधून सर्वत्र वापरावेत असे ठरले आहे. मला तीन मार्ग दिसतात: ते सगळे एका चाइल्ड टेबलमध्ये (अर्जाच्या आतल्या, ओळी जोडता येणाऱ्या सारणीत) घालावेत; त्यांचा वेगळा डॉकटाइप करून प्रत्येक अर्जातून त्यातल्या नोंदीची लिंक द्यावी; किंवा रकान्यांची यादी कोडमध्ये ठेवून ती प्रत्येक अर्जावर कस्टम फील्ड (मूळ डॉकटाइपला बाहेरून जोडलेले रकाने) म्हणून चढवावी. बँकेचा तपशील फक्त लेखा विभागाला दिसावा अशी अट आहे आणि पुरवठादारांचा अर्ज वेब फॉर्मद्वारे (संकेतस्थळावरच्या अर्जाद्वारे) बाहेरच्यांसाठी खुला आहे. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

आराखडा

रकान्यांचा प्रत्येक गट हाती घेऊन एकच गोष्ट आधी विचारावी: ही किंमत उद्या बदलली, तर आज भरलेल्या जुन्या कागदावरही ती बदललेली दिसायला हवी का? ‘हो’ असे उत्तर आले तर लिंक द्यावी आणि ‘नाही’ आले तर किंमत त्या कागदावरच उतरवून ठेवावी. पुनर्वापराची बहुतेक चर्चा ‘रकाने पडद्यावर एकसारखे दिसावेत’ इथून सुरू होते, पण दिसणे ही यांतली सर्वांत स्वस्त बाब आहे.

ईआरपीनेक्स्टने हा प्रश्न पत्त्याबाबत कसा सोडवला आहे ते आपल्याकडेच पाहता येईल. ‘ॲड्रेस’ हा स्वतंत्र डॉकटाइप आहे आणि तो ग्राहक, पुरवठादार, गोदाम अशा कोणाशीही डायनॅमिक लिंकने जोडता येतो, म्हणजे आधी डॉकटाइपचे नाव निवडायचे आणि मग त्यातली नोंद. विक्री बीजकात त्या पत्त्याची लिंक तर असतेच, परंतु तिच्याखाली पत्त्याचा पूर्ण मजकूरही उतरवून ठेवलेला असतो. ग्राहकाने पुढच्या वर्षी जागा बदलली म्हणून गेल्या वर्षीच्या बीजकावरचा पत्ता बदलता कामा नये, यासाठी ही सोय आहे. म्हणजे एकाच पत्त्याचा दोन्ही पद्धतींनी वापर होतो आणि दोन्ही बरोबर आहेत.

आपल्या रकान्यांत दुसरा एक गुंता आहे. पॅन व्यक्तीचा किंवा संस्थेचा असतो, तर जीएसटी नोंदणी राज्यनिहाय असते. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरे पाहिली तर पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, त्यानंतरची १० अक्षरे म्हणजे तोच पॅन. चाकणला आणि वेर्ण्याला कारखाना असलेल्या पुरवठादाराचा पॅन एक आणि जीएसटी क्रमांक दोन असणार. त्यामुळे ‘पॅन, जीएसटी, पत्ता’ असा एकच घटक बांधला तर अशा पुरवठादाराची नोंद दोनदा करावी लागेल आणि पुरवठादारांची यादी फुगेल. जीएसटी क्रमांक पत्त्याबरोबर राहू द्यावा, पॅन व्यक्तीबरोबर.

चाइल्ड टेबलचा मार्ग मी सोडून देईन. एकाहून अधिक ओळी खरोखर येणार असतील, उदाहरणार्थ संपर्क व्यक्ती अनेक असतील, तर चाइल्ड टेबल योग्यच आहे. पण ज्याची कायम एकच ओळ भरली जाणार त्यासाठी वापरकर्त्याला ‘ओळ जोडा’ दाबायला लावणे गैरसोयीचे आहे. शिवाय फ्रॅपेत चाइल्ड टेबलच्या आत दुसरे चाइल्ड टेबल बसत नाही, त्यामुळे पुढचा रस्ता बंद होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पालक दस्तऐवज जतन होताना चाइल्ड डॉकटाइपच्या स्वतःच्या कंट्रोलरमधील (त्याच्या कोडमधील) ‘व्हॅलिडेट’ हे पडताळणीचे फंक्शन आपोआप चालत नाही. अनेक जण तेथे पडताळणी लिहून निश्चिंत होतात. आवश्यक रकाना रिकामा आहे का, लिंक खरी आहे का, एवढे फ्रेमवर्क पाहते. पॅन आणि जीएसटी जुळतात का हे पालकाच्या बाजूनेच पाहावे लागते.

रकाना_पाच

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पॅन आणि जीएसटी वेगळे करण्याचा मुद्दा पटला. आमच्याकडे तसे दुहेरी पुरवठादार आहेत आणि त्यांची नावे यादीत खरोखरच दोनदा आली आहेत.

एक अडचण उरते. नोंदणी अर्ज करणारा अजून आमचा पुरवठादार झालेला नसतो. त्याचा पत्ता आणि बँक खाते स्वतंत्र डॉकटाइपमध्ये ठेवायचे तर ते कशाला जोडायचे? अर्ज नाकारला गेला तर त्या नोंदींचे काय करायचे? आणि लिंक असलेला रकाना बाहेरच्या माणसासाठी वेब फॉर्मवर ठेवावा का?

आराखडा

या प्रश्नातच आपले उत्तर आहे. अर्ज म्हणजे अर्जदाराने त्या दिवशी केलेले निवेदन. त्याने काय लिहून दिले होते हे पुढे वाद झाल्यास जसेच्या तसे दाखवता आले पाहिजे, म्हणून अर्जाच्या पातळीवर लिंक नको. साधे रकाने आणि त्यांतली मूळ किंमत हवी. अर्ज मंजूर झाला की त्यातून पुरवठादार, ॲड्रेस आणि बँक अकाउंट या नोंदी तयार कराव्यात. ईआरपीनेक्स्टमधील बँक अकाउंटमध्ये पक्षाचा प्रकार आणि पक्ष असे रकाने आधीच आहेत, त्यामुळे तेथे नव्याने काही बांधायला नको, आणि त्या डॉकटाइपच्या परवानग्या स्वतंत्र असल्यामुळे तो केवळ लेखा विभागाच्या भूमिकेला देता येतो. नाकारलेल्या अर्जातून काहीच तयार होत नाही, म्हणून अनाथ नोंदी उरत नाहीत. वेब फॉर्मवर लिंकचे रकाने ठेवले तर आपल्या याद्या बाहेरच्यांना दिसण्याची शक्यता उघडते. तेही यामुळे टळते.

म्हणजे अर्जांसाठी आपला तिसरा मार्ग, रकान्यांची एक यादी आणि ती सर्व अर्जांवर चढवणे, हाच योग्य. फ्रॅपेमध्ये त्यासाठी ‘क्रिएट कस्टम फील्ड्स’ हे तयार फंक्शन आहे. त्याला डॉकटाइपांचा गट आणि रकान्यांची यादी दिली की ती यादी गटातील प्रत्येक डॉकटाइपवर जाते. भारतातील जीएसटीसाठी वापरले जाणारे ‘इंडिया कंप्लायन्स’ हे ॲप आपले बहुतेक रकाने याच पद्धतीने घालते. त्याचा कोड खुला आहे, तो वाचून पाहावा.

मात्र एक अडथळा आधी दूर करावा लागेल. आपले डॉकटाइप डेस्कवरून, म्हणजे फ्रॅपेच्या नेहमीच्या पडद्यावरून, ‘कस्टम’ असे बनवलेले असतील तर त्यांच्यावर कस्टम फील्ड जोडू देत नाही; ती सोय प्रमाणित डॉकटाइपसाठी आहे. त्यामुळे स्वतःचे एक छोटे ॲप तयार करून, डेव्हलपर मोड (रचनेतले बदल ॲपच्या फाइलींत उतरवणारी सेटिंग) चालू असलेल्या चाचणी-साइटवर हे डॉकटाइप त्या ॲपच्या मॉड्यूलमध्ये हलवावे लागतील. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाचेच आहे, आणि त्यानंतर अर्जांची रचना गिटमध्ये येते, म्हणजे कोणता रकाना कधी आला याचा इतिहास राहतो.

जुनी_नस्ती

वरील दिशा मला मान्य आहे, परंतु ‘एक यादी, सगळे अर्ज’ हे वाक्य ऐकल्यावर थोडे थांबावेसे वाटते. असे सामायिक घटक सुरुवातीला नीटनेटके असतात आणि मग प्रत्येक विभाग आपली सवलत मागतो. वाहतूकदारासाठी जीएसटी ऐच्छिक करा, वितरकासाठी बँकेचे रकाने लपवा, ठेकेदारासाठी पीएफ आणि ईएसआयसी क्रमांक दाखवा. प्रत्येक मागणीबरोबर ‘डिपेंड्स ऑन’च्या (रकाना केव्हा दिसावा ते ठरवणाऱ्या) अटीत एक नवे वाक्य जोडले जाते आणि अखेर ती अट वाचून कोणालाच सांगता येत नाही की ठेकेदाराला नेमके कोणते रकाने दिसतील. त्या टप्प्यावर पाच वेगळे अर्ज सांभाळणे अधिक सोपे होते.

वाहतूकदाराचेच उदाहरण घ्यावे. छोटा ट्रकमालक अनेकदा जीएसटीखाली नोंदलेला नसतो; ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीच्या ऑनलाइन पत्रकाच्या) पोर्टलवर नोंदणी करून त्याला १५ अंकी ट्रान्सपोर्टर आयडी मिळतो. सामायिक यादीत जीएसटी क्रमांक आवश्यक ठेवला तर हा माणूस अर्जच भरू शकत नाही, आणि वेळ निभावण्यासाठी आपला कारकून त्या रकान्यात ट्रान्सपोर्टर आयडी टाकतो. दोन्ही १५ लांबीचे असल्यामुळे केवळ लांबी मोजणारी पडताळणी ते खुशाल स्वीकारते. रकाना एकच राहतो, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी साठत जातात, आणि ही गफलत विवरणपत्र भरायच्या वेळी उघडी पडते.

म्हणून यादी एक नको, लहान लहान याद्या असाव्यात: ओळख, पत्ता व कर, बँक, उद्यम. कोणत्या अर्जाला कोणत्या याद्या लागतात ते त्या त्या अर्जापाशी लिहावे. यादीच्या आत शक्यतो कोणतीही अट नसावी. जो फरक आहे तो यादी घेण्या-न घेण्यातूनच व्यक्त व्हावा. ट्रान्सपोर्टर आयडी हा फक्त वाहतूकदाराच्या अर्जात, सामायिक यादीच्या बाहेर राहू द्यावा. दोन अर्जांत लागणारी प्रत्येक गोष्ट सामायिक केलीच पाहिजे असे नाही. तिसऱ्या अर्जात ती त्याच अर्थाने लागेपर्यंत थांबायला हरकत नसते. शिवाय प्रत्येक यादीला एक मालक विभाग असावा. उद्यमची यादी लेखा विभागाची, मग खरेदी विभागाला तीत बदल हवा असेल तर त्यांनी लेखा विभागाशी बोलावे. हे काम सॉफ्टवेअरचे नाही असे कोणी म्हणेल, पण सामायिक रकान्यांचे वाद मी पाहिले आहेत ते बहुधा याच कारणाने झालेले आहेत.

पलीकडची_बाजू

मी पॉवर ॲप्सवर (मायक्रोसॉफ्टच्या, कमी कोडमध्ये ॲप बनवण्याच्या साधनावर) काम करतो, त्यामुळे फ्रॅपेच्या बारकाव्यांवर बोलणार नाही. पण तिकडची रचना तुलनेसाठी उपयोगी पडेल. कॅनव्हास ॲपमध्ये कॉम्पोनंट, म्हणजे पुनर्वापराचा घटक, बांधताना त्याला बाहेरून काय मिळणार हे इनपुट प्रॉपर्टीतून आणि तो बाहेर काय देणार हे आउटपुट प्रॉपर्टीतून जाहीर करावे लागते. कॉम्पोनंटच्या आत ‘सेट’ने ठेवलेला व्हेरिएबल त्याच्यापुरता मर्यादित असतो. ॲपमधील इतर गोष्टी थेट वाचण्याची मुभा देणारी सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते आणि बंदच राहू द्यावी. ती चालू केली की तो कॉम्पोनंट त्याच एका ॲपला बांधला जातो आणि पुनर्वापर नावापुरता उरतो.

हीच शिस्त फ्रॅपेच्या स्क्रिप्टमध्येही आणता येईल असे वाटते. पॅन आणि जीएसटीची जुळणी करणारे फंक्शन लिहिताना त्यात रकान्यांची नावे ठोकून बसवू नयेत. फॉर्म आणि दोन्ही रकान्यांची नावे त्याला बाहेरून द्यावीत. मग एखाद्या अर्जात ‘मुख्य कार्यालयाचा जीएसटी’ आणि ‘कारखान्याचा जीएसटी’ असे दोन रकाने असले तरी तेच फंक्शन दोनदा वापरता येते.

दुसरी गोष्ट बदल पोहोचण्याची. पॉवर ॲप्समध्ये कॉम्पोनंट लायब्ररी नव्याने प्रकाशित केली म्हणून ती वापरणारी ॲप्स लगेच बदलत नाहीत. प्रत्येक ॲप संपादनासाठी उघडल्यावर तेथे सूचना येते, ॲप बनवणाऱ्याने ती स्वीकारायची असते आणि ॲप पुन्हा प्रकाशित करायचे असते. यामुळे अनपेक्षित मोडतोड टळते. मात्र कोणी ती सूचना स्वीकारलीच नाही तर जुना कॉम्पोनंट वर्षभर तसाच चालत राहतो आणि सामायिक घटक असूनही पाच ॲप्समध्ये पाच आवृत्त्या नांदतात. फ्रॅपेमध्ये हे उलट दिसते: मायग्रेट केले, म्हणजे नवी रचना साइटवर चढवली, की सगळ्या अर्जांवर एकाच वेळी बदल. कायद्यातील बदलांसाठी मला ते अधिक सोयीचे वाटते, पण त्याआधी चाचणी-साइटवर प्रत्येक अर्ज एकदा भरून पाहण्याला पर्याय नाही.

आराखडा

@पलीकडची_बाजू, रकान्यांची नावे बाहेरून देण्याची सूचना उत्तम आहे. तिला एक जोड देतो: ब्राउझरमधील स्क्रिप्ट ही वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते, तिच्यावर विसंबू नये. डेटा इम्पोर्टने किंवा आरईएसटी एपीआयमार्फत (दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून) आलेल्या नोंदींना क्लायंट स्क्रिप्ट लागूच होत नाही. म्हणून तीच तपासणी पायथनमध्ये एका ठिकाणी लिहून, ॲपच्या हुक्समधील (आपला कोड कोठे जोडायचा ते फ्रॅपेला सांगणाऱ्या फाइलमधील) डॉक-इव्हेंट्समधून प्रत्येक अर्जाच्या ‘व्हॅलिडेट’ला जोडावी. नवा अर्ज आला की हुक्समध्ये एक ओळ वाढते, तपासणी तीच राहते.

तपासणीत काय असावे हेही ठरवून टाकावे. जीएसटी क्रमांकाची तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे पॅनशी जुळली पाहिजेत. शेवटचे अक्षर हे पडताळणी-अक्षर असल्याने अंकांची अदलाबदल त्यावरून पकडता येते. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचवे नेहमी शून्य. धनादेशावरून पाहून भरणारा माणूस तेथे हमखास ‘ओ’ हे अक्षर टाकतो. ते मुकाट्याने शून्य करून घेण्यापेक्षा नेमके काय चुकले ते संदेशात सांगावे, कारण तोच माणूस खाते क्रमांकही तसाच भरत असतो. परंतु नमुना बरोबर आहे म्हणजे कोड जिवंत आहे असे नव्हे. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले; ते कोड आजही नमुन्याच्या तपासणीतून सुखरूप पार पडतात. जुन्या अर्जांत ते सापडतील. अशा बंद उपसर्गांची यादी सामायिक तपासणीतच ठेवली तर विलीनीकरणाची पुढची घोषणा आल्यावर एकाच जागी भर घालता येते.

कस्टम फील्डची यादी चालवताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. यादीतून एखादा रकाना काढून टाकला म्हणून तो अर्जांवरून जात नाही. आधी तयार झालेली कस्टम फील्डची नोंद वेगळी खोडावी लागते, आणि ती खोडल्यावरही डेटाबेसमधील स्तंभ तसाच राहतो. जुनी माहिती वाचते या दृष्टीने हे चांगलेच आहे. दुसरे म्हणजे, कोणी डेस्कवरून सामायिक रकान्याचे लेबल बदलले तर पुढच्या मायग्रेटला, त्याला जोडलेले ‘क्रिएट कस्टम फील्ड्स’ हे फंक्शन यादीतले लेबल परत आणते. विभागप्रमुखांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ‘आमचे बदल आपोआप पुसले जातात’ अशी तक्रार येते.

वेब फॉर्म आणि प्रिंट फॉरमॅट मात्र या साखळीच्या बाहेर आहेत. वेब फॉर्मची स्वतःची रकान्यांची सारणी असते. डॉकटाइपवर नवा आवश्यक रकाना आला आणि वेब फॉर्मवर तो घातला गेला नाही, तर बाहेरच्या अर्जदाराला जो रकाना दिसतच नाही तो भरण्याची सूचना मिळते. हाताने बनवलेल्या प्रिंट फॉरमॅटमध्येही नवा रकाना आपणहून उमटत नाही. त्यामुळे सामायिक यादीत वाढ करताना नवा रकाना आधी ऐच्छिक ठेवावा, वेब फॉर्म अद्ययावत करावा आणि मगच तो आवश्यक करावा.

रकाना_पाच

सर्वांचे आभार. याद्या लहान ठेवून प्रत्येकीला मालक विभाग देण्याची सूचना आमच्या बैठकीत मांडतो. शेवटचे विचारतो: उद्योगाच्या वर्गासाठी पर्याय-यादी, म्हणजे सिलेक्ट, ठेवावी की छोटा मास्टर (ठरावीक नोंदींचा स्वतंत्र डॉकटाइप) करून लिंक द्यावी? आणि ‘मायक्रो’, ‘मायक्रो एंटरप्राइज’ अशा जुन्या नोंदी कशा सांधाव्यात? आधी अर्जाच्या पातळीवर लिंक नको असे आपण म्हणाला होता, म्हणून संभ्रम आहे.

आराखडा

बाहेरचा माणूस जो अर्ज भरतो त्यावर सिलेक्टच असू द्या, पर्याय सामायिक यादीतून येतील म्हणजे लेखनभेद होणार नाही. मंजुरीनंतरच्या पुरवठादार नोंदीवर मात्र मास्टरची लिंक द्यावी. त्या मास्टरमध्ये तीनच नोंदी असतील, पण प्रत्येकीवर ‘४३बी(एच) लागू’ असा होय-नाहीचा रकाना ठेवता येतो. मध्यम उद्योगांना ती तरतूद लागू नाही, आणि हे अहवालाच्या क्वेरीत लपवण्यापेक्षा मास्टरमध्ये उघड दिसलेले बरे. तेथे लिंक चालते, कारण ‘सूक्ष्म’ हा वर्ग बदलत नसतो. पुरवठादाराचा वर्ग बदलतो.

जुन्या नोंदींचा क्रम महत्त्वाचा आहे. सिलेक्ट आणि लिंक या दोन्हींच्या किंमती डेटाबेसात साध्या मजकुराच्या स्तंभातच राहतात, त्यामुळे रकान्याचा प्रकार बदलताना काही अडल्यासारखे वाटत नाही. अडते ते नंतर: मास्टरमध्ये नसलेली किंमत असलेली नोंद कोणी उघडून जतन करायला गेला की लिंक सापडत नाही म्हणून ती अडून बसते, आणि तेव्हा त्या माणसाचा वर्गाशी काही संबंधही नसतो, तो फक्त दूरध्वनी क्रमांक बदलत असतो. म्हणून आधी मास्टर भरावा, मग ॲपमध्ये पॅच (मायग्रेटच्या वेळी एकदाच चालणारा कोड) लिहून सर्व लेखनभेद एका रूपात आणावेत, आणि त्यानंतरच प्रकार बदलावा.

जुनी_नस्ती

त्याच पॅचमध्ये आणखी एक रकाना घालून घ्यावा: वर्ग कोणत्या तारखेच्या उद्यम प्रमाणपत्रावरून नोंदवला ती तारीख. उद्यममधील वर्ग विवरणपत्रांतील आकड्यांवरून बदलू शकतो आणि एप्रिल २०२५ च्या नव्या मर्यादांमुळे काही लघु उद्योग सूक्ष्ममध्ये, तर काही मध्यम उद्योग लघुमध्ये आले आहेत. तारीख नसेल तर नोंदीत दिसणारा वर्ग जुन्या मर्यादांचा आहे की नव्या, हे कोणालाही सांगता येणार नाही. आपल्या सध्याच्या नोंदींसाठी ही तारीख रिकामीच राहील, तिच्या जागी पॅच चालवल्याची तारीख भरू नये. रिकाम्या तारखेच्या पुरवठादारांची यादी काढून लेखा विभागाने त्यांच्याकडून ताजी प्रमाणपत्रे मागवावीत, आणि थकीत देयकांच्या अहवालात तोपर्यंत हे पुरवठादार वेगळ्या गटात दाखवावेत.